बासरी थांबली की मूठ उघडायची

जादूच्या खेळात मागे वाजणारं संगीत कुणाच्या लक्षात राहत नाही. बाबांच्या मते ते राहायलाही नको. "लोकं गाणं ऐकायला लागले की समज, आपला खेळ पडला," असं त्यांनी मला पहिल्यांदा स्पीकर हातात देताना सांगितलं होतं. तेव्हा मी शाळेत होते. आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. अगदी या उन्हाळ्यापर्यंत त्यांच्या खेळाचं संगीत लावायचं काम माझ्याकडेच होतं. त्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात आहे, पण नीट जमेल की नाही याची खात्री नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कुठलीही गोष्ट कागदावर उतरवताना आपण कुणाच्या तरी जागेवर बसलोय असं वाटत राहतं.

बाबा पोटापाण्यासाठी जादूगार नाहीत. ते नगर रोडवरच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर काम करतात. माझ्या जन्माच्या आधी आई-बाबा विदर्भातून वाघोलीला आले ते त्याच कामासाठी. जादू मात्र त्यांनी गावाकडून आणली. त्यांच्या लहानपणी आठवडी बाजारात एक खेळवाला यायचा. त्याच्या मागे मागे फिरून त्यांनी चार-दोन गोष्टी उचलल्या आणि बाकीच्या स्वतः बसवल्या. वाघोली-खराडीकडे मोठमोठ्या सोसायट्या झाल्या तसे तिथले वाढदिवस त्यांना मिळायला लागले. रविवारी संध्याकाळी आईने शिवलेला, आतून लाल अस्तर असलेला काळा कोट घालायचा, पत्र्याची पेटी स्कूटरवर पायाशी ठेवायची, मागे मी आणि माझ्या मांडीवर स्पीकर. आठवडाभर निळ्या गणवेशात दिसणारा माणूस त्या कोटात गेला की ताठ चालायचा. मला लहानपणी तीच मोठी जादू वाटायची.

त्यांच्या खेळाचा शेवट ठरलेला होता. लाल रेशमी रुमाल डाव्या मुठीत हळूहळू कोंबायचा, मूठ छातीसमोर धरायची आणि तिच्याकडे बघत राहायचं. मागे बासरी वाजत असायची. बासरी थांबली की मूठ उघडायची. हात रिकामा. त्या वेळात उजवा हात काय करतो ते मी इथे लिहिणार नाही, बाबांना आवडणार नाही. एवढंच सांगते की बाबा ज्या मुठीकडे बघतात तिकडेच लोक बघतात. सगळी जादू त्या बघण्यात आहे.

ती बासरी आईने निवडलेली. लग्नानंतर गावच्या यात्रेत घेतलेली एक कॅसेट होती. वरचं कव्हर फाटलेलं, वाजवणारा कोण, धून कुठली, काही माहीत नाही. त्या कॅसेटच्या एका बाजूच्या शेवटी ही धून होती, आणि टेप संपल्यामुळे ती मध्येच तुटायची. सूर वर वर चढत जायचा आणि आता खाली येईल असं वाटतानाच एकदम शांत. बाबांना ती अर्धवट धून नको होती. आई म्हणाली होती, "पुरी झाली तर लोकं हलतील ना जागचे. अर्धी राहिली म्हणून तर वाट बघतील." खेळाच्या बाबतीत आईने केलेली ही एकच सूचना. नंतर मी ती धून मोबाइलमध्ये घेतली, तीही तिथेच तुटणारी.

बाबांचे कान केव्हापासून जायला लागले ते नक्की सांगता येत नाही. प्रेसच्या आवाजात इतकी वर्षं उभं राहिल्यावर जायचेच होते, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी हेही सांगितलं की पातळ, उंच आवाज आधी जातात आणि जाड आवाज बराच काळ राहतात. बाबांनी कानातलं मशीन घेतलं. घरात वापरत होते, खेळातही वापरत होते. मग खराडीतल्या एका सोसायटीत खेळ होता. बाबांनी एका मुलीला पत्त्यांच्या जोडातला एक पत्ता मनात धरायला सांगितला आणि बरोबर ओळखून दाखवला. टाळ्या पडायच्या आत मागे उभा असलेला, हाफ पँटमधला एक तरुण बाप हसत म्हणाला, "अंकल, कानात काय आहे? ब्लूटूथ ना? ती मागून सांगतेय तुम्हाला."

सगळे माझ्याकडे बघून हसले. खुर्चीवर बसलेले एक आजोबा म्हणाले, "असू द्या हो. जादू नाही तर नाही, पोरांना तंत्रज्ञान तरी कळलं."

बाबाही हसले. त्यांनी मशीन कानातून काढलं, टेबलावर सगळ्यांना दिसेल असं ठेवलं आणि दुसऱ्या मुलाचा पत्ता ओळखून दाखवला. तोही बरोबर आला. पण त्या दिवसानंतर त्यांनी खेळात मशीन घातलं नाही.

"सांगायचं ना सरळ, ऐकू येत नाही म्हणून," आई घरी म्हणाली. "त्यात चोरी आहे का?"

"आणि मग? पोरं जादू बघतील का माझे कान बघतील?"



मशीन नसल्यामुळे बासरी कधी थांबली ते बाबांना कळेना. मग ते माझ्याकडे बघायला लागले. मुठीवरची नजर क्षणभर काढून माझ्याकडे, मी मान हलवली की पुन्हा मुठीकडे. एवढंसंच. पण त्यांची नजर हलली की लोकांची हलायची, आणि एकदा सुटलेली नजर कुठेही जाऊ शकते. एका वाढदिवसाला ती त्यांच्या उजव्या हाताकडे गेली. अगदी पुढे बसलेला चिमुरडा उठून उभा राहिला आणि बोट दाखवून ओरडला, "त्या हातात! त्या हातात आहे!" बाबांनी हसून रुमाल काढला आणि त्याच्या गळ्यात बांधला. "तू माझ्यापेक्षा मोठा जादूगार, बाप्पा," असं म्हणून वेळ मारून नेली. लोकांना तेही आवडलं.

घरी आल्यावर पेटी खाली ठेवताना मात्र बाबा म्हणाले, "एक खेळ कबूल केलेला आहे. तेवढा करू. त्यातही असं झालं तर पेटी माळ्यावर टाकून देऊ."

त्यांनी ते इतक्या साधेपणाने सांगितलं की मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आठवडाभर निळा गणवेश राहणार होता, आणि रविवारीही त्याच्याशिवाय दुसरं काही राहणार नव्हतं.

मला वाटलं, हे माझ्या हातातलं आहे. जाड आवाज राहतात, असं डॉक्टर म्हणालेच होते. म्हणजे बासरीच्या जागी बाबांना ऐकू येईल असं दुसरं काही शोधलं की झालं. मी रोज वाघोलीहून स्वारगेटच्या बसने कॉलेजला जाते, तास-दीड तास सहज जातो. त्या वेळात कानाला हेडफोन लावून मी जादूच्या खेळासाठी म्हणून नेटवर जे जे संगीत मिळेल ते ऐकू लागले. आणि घाबरले. कारण जिथे जावं तिथे किणकिण. बारीक घंटा, काचेवर चमचा वाजवल्यासारखे आवाज, चांदण्या सांडल्यासारखे सूर. जादू म्हटलं की सगळ्यांना तेच का सुचतं कुणास ठाऊक. बाबांना जे ऐकू येत नव्हतं नेमकं तेच. बसमध्ये शेजारी बसलेली बाई एकदा मला म्हणाली, "काय गं, रडतेस का?" मी म्हटलं, "नाही, गाणी ऐकतेय." ती म्हणाली, "मग चांगली ऐक की."

मी बारा-पंधरा तुकडे निवडले. एका रविवारी सकाळी घरीच परीक्षा घ्यायची ठरवली. बाबांना माझ्याकडे पाठ करून खुर्चीत बसवलं, मशीन काढायला लावलं आणि सांगितलं, "ऐकू आलं की बोट वर करा. थांबलं की खाली."

"कॉलेजात हेच शिकवून राहिले का?" बाबा म्हणाले.

त्यांच्यासमोर आई जमिनीवर बसून मेथी निवडत होती. मी एकेक तुकडा लावत गेले. घंटांना बोट वर गेलं नाही. व्हायोलिनला गेलं, पण उशिरा, आणि मध्येच खाली आलं. ढोलासारखा एक संथ, जाड ठेका होता, त्याला मात्र लगेच वर गेलं आणि ठेका थांबताच खाली आलं. मी आनंदाने "हो!" म्हणून ओरडले, तेही त्यांना ऐकू आलं नाही.

खरं तर तिथेच थांबायचं होतं. पण मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी बासरी लावली. वाटलं असावं की जुनी ओळख आहे, कदाचित तिला येईल ऐकू.

बाबांचं बोट मांडीवर तसंच राहिलं. बासरी वाजत होती. आईचे हात मेथीच्या जुडीवर थांबले होते. तिने मान वर केली नव्हती, पण ती ऐकत होती. आमचं ते घर एवढंसं आहे, त्यात ती बासरी भरून राहिली होती, आणि तिच्या मधोमध बाबा शांतपणे वाट बघत बसले होते.

"लाव ना माय," ते पाठमोरेच मला म्हणाले. "झोप लागेल मले."

आईने वर बघितलं. बाबांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ते तसेच बघत राहिले.

"वाजून राहिली का?" त्यांनी तिला विचारलं.

आईने मान हलवली.

"आपली?"

तिने पुन्हा मान हलवली. सूर चढत गेला आणि नेहमीच्या जागी तुटला. आईच्या चेहऱ्यावर काय झालं मला दिसलं नाही, मी मोबाइलकडे बघत होते. पण बाबा म्हणाले, "थांबली आता." बरोबर त्याच क्षणी. मग त्यांनी जमिनीवरून मेथीची एक काडी उचलली आणि तेही निवडायला बसले.

ढोलाचा ठेका ठरला. बाबांनी थोडी कुरकुर केली, "जादू आहे का मिरवणूक?" पण सरावाला उभे राहिले. आमच्या खोलीत एक लाकडी दिवाण आहे. स्पीकर मी त्यावर ठेवायचे आणि बाबा दिवाणाला पोटऱ्या टेकवून उभे राहायचे. रोज कामावरून आल्यावर सराव व्हायचा. नजर मुठीवर, ठेका थांबला की मूठ उघडी. एकदाही चुकलं नाही. एकदा ते म्हणाले, "हे कानाने नाही कळत, पायाने कळतं. मशीनवर पण असंच." ज्या मशीनने कान नेले तिचंच नाव घेऊन ते इतके खूश झाले होते की मला कसंतरी झालं.

खेळाचा दिवस आला. आमच्याजवळच्याच एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये वाढदिवस होता. आई कधी खेळाला येत नसे. तुम्ही हात वर केला की मी डोळेच मिटून घेते, असं म्हणायची. त्या दिवशी तिने इस्त्रीची साडी नेसली आणि न विचारता आमच्या मागोमाग बाहेर आली, मग स्कूटर ठेवून रिक्षा केली.

टेबल मांडलं, स्पीकर ठेवला, सवयीने एकदा ठेका वाजवून बघितला. बाबा टेबलाजवळ उभे राहिले. मग त्यांनी टेबलाला पाय टेकवला. मग हात टेकवला. मग माझ्याकडे बघितलं.

खाली गुळगुळीत फरशी होती. टेबल बारीक लोखंडी पायांचं. फुगे फोडणाऱ्या मुलांच्या गलक्यात ढोल विरघळून गेला होता आणि पायाला काहीच पोचत नव्हतं. आम्ही तिघांनी इतके दिवस सगळं तपासलं होतं. ज्या दिवाणाला टेकून ते उभे राहत तो इथे असणार नाही, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"दिवाण उचलून आणायचा होता," बाबा म्हणाले. हसले नाहीत.

मुलं येऊन बसायला लागली होती. मी पटापट बोलत होते, आवाज वाढवते, स्पीकर खाली ठेवते, शेवटचा खेळच नको करूया. त्यातलं त्यांना किती कळलं माहीत नाही. ते दाराशी पिशवी घेऊन उभ्या असलेल्या आईकडे बघत होते. त्यांनी तिला हाताने जवळ बोलावलं आणि तिच्या ओठांवर नजर ठेवून बोलायला लागले.

"तू पुढे बस. पोरांच्या मागे, पहिल्या खुर्चीवर. मी तुझ्याकडे बघतो."

"मी काय करू?"

"काही नको करू."

"मले नाही जमत असं काही."

"त्या दिवशी जमलं होतं."

"त्या दिवशी मी काही केलं नव्हतं हो."

"तसंच काही करू नको," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "ढोल राहू दे माय. बासरी लाव."

मला त्यांची युक्ती तेव्हा कळली. माझ्याकडे बघणं म्हणजे बाजूला बघणं. आईकडे बघणं म्हणजे लोकांकडे बघणं. मुठीच्या वरून थेट समोर. त्यात कुणाला काही वावगं वाटणार नव्हतं.

खेळ नेहमीसारखा झाला. अंडी आली, गेली, पत्ते ओळखले गेले, एका लठ्ठ काकांच्या खिशातून कागदी फुलं निघाली. मग बाबांनी लाल रुमाल काढला आणि मी बासरी सुरू केली.

मी ती धून शेकडो वेळा ऐकली असेल, पण कधी ऐकली नव्हती. ती लक्षात येऊ नये म्हणूनच तर लावायची. त्या दिवशी मला तिचा एकेक सूर ऐकू येत होता आणि तो बाबांना येत नाही हेही त्याबरोबर ऐकू येत होतं. रुमाल मुठीत गेला. मूठ छातीसमोर आली. बाबा मुठीवरून आईकडे बघत होते. मीही तिच्याकडे बघितलं. ती सरळ बसली होती, हात मांडीवर, डोळे बाबांवर. तिचे डोळे भरून आले होते. सूर चढायला लागला तशी तिने मान खाली घातली आणि पदर तोंडाला लावला.

बासरी तुटली.

बाबांना आईचा चेहरा दिसत नव्हता. ते मूठ धरून उभे राहिले. क्लबहाऊसमध्ये एकदम शांतता झाली. मुलंसुद्धा गप्प. पंख्याचा आवाज येत होता. मी मान हलवून उपयोग नव्हता, ते माझ्याकडे बघतच नव्हते. एकदाही बघितलं नाही. ते फक्त तिथे बघत होते जिथे आई मान खाली घालून बसली होती, आणि वाट बघत होते. मुलं गुडघ्यांवर उभी राहिली. मागच्या बाया पुढे सरकल्या. कुणीतरी "श्श" केलं, खरं तर कुणी बोलतच नव्हतं. मला वाटलं आता कुणीतरी हसेल. कुणीही हसलं नाही.

आईने पदर काढला आणि वर बघितलं.

बाबांनी मूठ उघडली.

एवढ्या टाळ्या त्यांच्या खेळाला कधीच पडल्या नव्हत्या. वाढदिवसाच्या मुलाचे वडील हात हातात घेऊन त्यांना सांगत होते, "शेवटी काय थांबलात हो! श्वास अडकला सगळ्यांचा. कमाल!" बाबा त्यांच्या ओठांकडे बघून "हो हो, थँक्यू" म्हणत होते.

परतीच्या रिक्षात पेटी मध्ये आणि आम्ही तिघं तिच्याभोवती अंग चोरून बसलो होतो. बाबांनी मशीन कानात घातलं होतं.

"बरी वाजली का?" बाबांनी विचारलं.

"चांगली वाजली," आई म्हणाली.

"थांबून किती वेळ झाला होता?"

आईने माझ्याकडे बघितलं. मग खरं सांगितलं. "लय वेळ झाला होता. माझं चुकलं."

"तुझं काही नाही चुकलं. माझ्या डोक्यात चालूच होती ती. पुढे गेली होती."

"पुढे कुठे? तिला पुढे आहेच कुठे?"

"आज होती," बाबा म्हणाले.

"कशी होती?"

रिक्षा खड्ड्यातून गेली. बाबांनी थोडा विचार केला आणि गुणगुणायला सुरुवात केली. सूर कुठेच लागत नव्हता. स्वतःचा आवाजही त्यांना आता पुरता ऐकू येत नाही, त्यामुळे कुठे वर जातोय, कुठे खाली, याचा त्यांना पत्ता नव्हता. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. आई मात्र डोळे मिटून ऐकत होती. मी बाहेर बघत राहिले.

घराशी उतरल्यावर पेटी मी उचलायला गेले तर बाबांनी ती स्वतः घेतली. आत आल्यावर स्टूल मागितलं.

"अहो, काहून?" आई म्हणाली. "आज तर जमलं ना."

"जमलं."

"मग?"

"दर रविवारी तुले तिथं बसवू का? तुझं तोंड बघून हात उघडायचा?" ते स्टुलावर चढले. "आज झाला तेवढा चांगला झाला."

मी म्हटलं, "बाबा, मी दुसरं काहीतरी शोधते ना. बघू आपण." मोठ्याने म्हटलं, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. ते वरून म्हणाले, "तू अभ्यास कर." रागाने नाही. मग पेटी माळ्यावर सरकल्याचा आवाज आला. जाड, घासत जाणारा आवाज. तो त्यांनाही आला असेल.

कोट आईने कपाटात अडकवून ठेवला आहे, घडी घालून नाही. सोसायट्यांचे फोन अजून मधूनमधून येतात. मी सांगते, आता खेळ करत नाहीत. कारण विचारलं तर तब्येत सांगते.

रविवारी सकाळी दाढी करताना बाबा कधीकधी ती पुढची चाल गुणगुणतात. अजून सूर लागत नाही, आणि प्रत्येक वेळी ती थोडी वेगळी असते. स्वयंपाकघरात आई काय करत असेल ते थांबवते. आवाज बंद झाला तरी लगेच कामाला लागत नाही. चाल संपली, की बाबा नुसते गालावरून वस्तरा फिरवण्यापुरते थांबलेत, हे तिला कळत नाही.